चित्रकुंभांवरील नावे आणि महाडजवळील पाले

प्राचीन ग्रीक चित्रकुंभांचा विचार बहुधा कलेच्या अंगाने होतो. परंतु त्यांवरील लेख भाषाभ्यासकालाही तितकेच मोलाचे आहेत. इ. स. पू. ५७० च्या सुमारास अथेन्समध्ये एर्गोतिमोस या कुंभाराने घडविलेला व क्लेइतिआस या चित्रकाराने रंगविलेला ‘फ्रांस्वा कुंभ’ सध्या फ्लोरेन्स येथे आहे. त्यावर देव, वीर आदींच्या दोनशेहून अधिक आकृती असून शंभराहून अधिक नावे लिहिलेली आहेत. पात्रोक्लोसच्या अंत्यक्रीडांतील रथशर्यतीत तेथे ओदिसेउस दिसतो; मात्र त्याचे नाव ‘ओलितेउस’ असे आहे. ‘इलियड’मध्ये तो या शर्यतीत उतरतच नाही. तेव्हा चित्रकाराने कथा व नाव ही दोन्ही होमरच्या पाठावरून न घेता लोकमुखातून घेतली असावीत. लॅटिन ‘उलिक्सेस’ या रूपातही ‘ल’कारच आहे. ‘दोहद’ शब्दाचा ‘डोहळा’ करणाऱ्या मराठीला हा वर्णविकार अपरिचित वाटू नये.

ऐकून लिहिलेल्या नावांचा असाच प्रश्न कोकणातही उपस्थित होतो. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूरवरून महाडास येते. महाडनजीक पाले येथे बौद्ध लेणी आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत ‘पालाइपात्माइ’ हे नाव येते. ते पाल्याचे असावे असे काही अभ्यासकांनी सुचविले आहे. चित्रकुंभांची परंपरा त्यापूर्वी सुमारे साडेतीनशे वर्षे लोपली होती. म्हणून त्या काळच्या व्यापारातून ते येथे आले असतील, असे मानता येत नाही. साम्य आहे ते नाव टिपण्याच्या रीतीचे.

पाले येथील प्राकृत लेखातील राजपुत्र ‘व्हेणुपालित’ हा संस्कृत ‘विष्णुपालित’ होय. येथे शिलालेखानेच बोलीतील उच्चार जतन केला आहे. अशा रूपांना लेखकाचे प्रमाद मानून ‘शुद्ध’ करणे म्हणजे पुरावाच पुसून टाकणे होय.

तथापि एक भेद ध्यानी ठेवावा लागतो. कुंभावरील ‘ओलितेउस’ हा ओदिसेउसच, हे शेजारच्या आकृती व त्यांची नावे सांगतात. ‘पालाइपात्माइ’ला बंदरांच्या अनुक्रमाखेरीज असा आधार नाही. सावित्रीच्या खाडीतून महाडपर्यंत जलवाहतूक चालत असे, ही गोष्ट या मताला अनुकूल आहे. पण केवळ तेवढ्याने निर्णय होत नाही. नामसाम्य हे शोधाचे आरंभस्थान होय, निष्कर्ष नव्हे.