दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को : अंतर वाढले, वेळ घटला

दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को या शहरांमधील सर्वांत कमी हवाई अंतर सुमारे १२ हजार ४०० किलोमीटर भरते. भिंतीवरच्या नकाशावर रेघ ओढून ते मिळत नाही. त्यासाठी पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणावा लागतो. तो सायबेरियावरून आर्क्टिक महासागराकडे चढतो आणि अलास्काच्या बाजूने कॅलिफोर्नियात उतरतो. प्रत्यक्षात मात्र विमाने या रेषेवरून जातीलच असे नाही. वारे, हवामान आणि कोणत्या देशाचे आकाश खुले आहे, यावर मार्ग ठरतो.

एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये या दोन शहरांदरम्यान विनाथांबा सेवा सुरू केली, तेव्हा विमान युरोप व अटलांटिकवरून जात असे. ही वाट सुमारे १३ हजार ९०० किलोमीटरची. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने दिशाच बदलली आणि विमान पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेले. अंतर १५ हजार ३०० किलोमीटर झाले, म्हणजे १,४०० किलोमीटरने वाढले. तरीही प्रवास साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास लवकर संपला!

याचे कारण वाऱ्यात आहे. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांना ‘जेट स्ट्रीम’ म्हणतात. हिवाळ्यात ते अधिक जोर धरतात. पश्चिमेकडे निघालेल्या विमानाला हा वारा अडवतो, तर पूर्वेकडे निघालेल्याला पाठीमागून रेटतो. वरील आकड्यांवरून पॅसिफिक मार्गावरील सरासरी वेग ताशी १ हजार ५० किलोमीटरच्या पुढे जातो. परतताना विमान अटलांटिकवरून पूर्वेकडेच येत असल्याने तेव्हाही वारा सोबतीला असे. थोडक्यात, जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणा!

घड्याळाचा हिशेब वेगळा. सॅन फ्रान्सिस्को भारताच्या साडेतेरा तास मागे आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत अमेरिकेत घड्याळे तासभर पुढे असल्याने हा फरक साडेबारा तासांवर येतो. ऑक्टोबरमध्ये दिल्लीहून पहाटे चारला निघून साडेचौदा तास उडालेले विमान तेथे त्याच दिवशी सकाळी सहाला पोहोचते. कागदावर प्रवास दोन तासांचा दिसतो. मुलांकडे निघालेल्या आई-वडिलांच्या गुडघ्यांना मात्र खरे तास कळतात.

वाऱ्याइतकाच राजकारणाचाही फटका बसतो. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. त्यानंतर दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला, आणि उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधनासाठी व्हिएन्नात थांबावे लागले. तिकिटावर ‘थेट’ असे छापलेले असले तरी मध्ये थांबा असू शकतो, ‘विनाथांबा’ हा शब्द वेगळा. आरक्षण करताना नेमके तेच विचारून घ्यावे.