दादांचा पाग आणि ऐनाची साल

नेरूळच्या घरी माळा आवरताना एका गोणपाटात दादांचा पाग सापडला. पाग म्हणजे हाताने फेकायचे गोल जाळे, काठाला शिशाचे मणी. दादा म्हणजे अब्बांचे वडील, रत्नागिरीकडचे. ते 'दर्यावर कामाला' होते, एवढेच आम्हाला सांगितले जाई. 'दालदी' हा शब्द घरात निघत नसे. सोयरिकीच्या वेळी तर नाहीच. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये मात्र मच्छीमार म्हणून दालदी मुसलमानांची सरळ नोंद आहे.

पाग सुती, रंग काळपट तांबडा. मी तो मळ समजलो आणि साबण आणला. तेवढ्यात दिवाळे कोळीवाड्यातला माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, आधी आमच्या आजोबांना दाखवा."

आजोबांनी जाळे नाकाशी नेले. "मास्तर, ह्यो मळ नाय. ही ऐनाची साल." (उर्दूच्या तासाला मी ऐन म्हणजे अक्षर, डोळा, झरा असे शिकवतो. झाड ठाऊक नव्हते!)

सूत आणि ताग ओले राहिले की जिवाणू ते कुजवतात. म्हणून ऐनाची साल हंड्यात उकळून त्या तांबड्या काढ्यात जाळी भिजवायची, वाळवायची, काही दिवसांनी पुन्हा तेच. सालीतले टॅनिन धाग्यात मुरते आणि कुजणे लांबते. कोळ्यांची रीत तीच, दालद्यांचीही तीच. १९६० नंतर नायलॉन पसरले. ते कुजत नाही, म्हणून साल गेली, हंडेही गेले.

पाग आधी गोड्या पाण्यात ठेवला, पाणी पाच वेळा बदलले. धाग्यात मीठ राहिले तर ते हवेतली ओल ओढते. मग घाईने गॅलरीत कडक उन्हात टांगला आणि चार आस तुटले. तेव्हापासून सावलीत, चादरीवर पसरून वाळवला. शिशावरची पांढरी पूड विषारी असते; ती हातमोजे घालून ओल्या फडक्याने पुसली.

तुटलेले आस आजोबांनी सुती दोऱ्यानेच विणले. पुन्हा सालीत उकळू या, असा त्यांचा आग्रह होता. मी नको म्हटले; हा रंग दादांनी चढवलेला आहे. "हट्टी हायस, मास्तर," म्हणाले.

अब्बा अजून पागाला हात लावत नाहीत. परवा जेवताना मात्र विचारले, "मणी किती उरले?"

"बासष्ट."

"बहात्तर होते," ते म्हणाले, आणि पाणी मागितले.