एअरगनची नळी : छऱ्यासाठी वेगळी, स्लगसाठी वेगळी

एअरगन म्हटली की कमरेत बारीक आणि मागून घागऱ्यासारखा पोकळ असा शिशाचा छर्रा डोळ्यांसमोर येतो. अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगमध्ये सुवर्णपदक मिळविले आणि ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ साली कैरोत जागतिक विजेतेपद पटकावले, ते याच जातीच्या छऱ्याने. गेल्या काही वर्षांत मात्र दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या शक्तिशाली पीसीपी रायफलींसाठी 'स्लग' हा नवा प्रकार रुळला आहे. बंदुकीच्या गोळीसारख्या या दंडगोलाकार, भरीव गोळीला बॅरल, म्हणजेच नळी, निराळी लागते. ही बाब लक्षात न घेतल्याने महागडी रायफलही नेमात कच्ची ठरते आणि दोष बिचाऱ्या नेमबाजाच्या माथी येतो.

दोहोंतील भेद हवेतील वर्तनाचा आहे. छऱ्याचे वजन पुढच्या बाजूला असते, तर मागच्या घागऱ्याला हवा ओढून धरते. बॅडमिंटनच्या फुलाप्रमाणे तो आपोआप तोंड पुढे ठेवतो. नळीतील आट्यांमुळे मिळणारी गिरकी त्याला केवळ पूरक असते. स्लगला हा आधार नाही. भोवरा जसा गिरकीवरच उभा राहतो, तसा स्लग केवळ गिरकीच्या बळावर सरळ जातो. ती अपुरी पडली की तो डगमगतो, प्रसंगी कोलांट्या खातो.

त्यामुळे नळी निवडताना पहिला प्रश्न आट्यांच्या पिळाचा. छऱ्यांच्या नळीत साधारणपणे ४५० मिलिमीटर अंतरात एक फेरा असतो. ब्रिटिश गणिती जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ साली मांडलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो. व्यास तोच ठेवून गोळीची लांबी वाढवली, तर पीळ त्याच प्रमाणात घट्ट हवा. लांबी दीडपट झाली, तर फेऱ्याचे अंतर दोन तृतीयांशावर आणावे लागते. येथे निर्णायक ठरते ती लांबी, नुसते वजन नव्हे. आखूड, हलके स्लग नेहमीच्या नळीतूनही बरे जातात. लांब, जड स्लगना ती पुरत नाही. याउलट फार घट्ट पीळ छऱ्याला मानवत नाही. अति गिरकीमुळे दूरच्या पल्ल्यावर तो मळसूत्री मार्गाने भरकटू लागतो.

दुसरा मुद्दा 'चोक'चा, म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेल्या किंचित आकुंचनाचा. छऱ्याच्या पातळ कडा त्यात एकसारख्या दाबल्या जातात आणि नेम सुधारतो. स्लगचे मात्र जवळजवळ संपूर्ण अंग नळीला घासत असते. ऐन तोंडाशी तो आवळला गेला, तर घर्षण वाढून वेगात चढउतार होतात. म्हणून स्लगसाठी चोक नसलेली किंवा अगदी अल्प चोकची नळी पसंत केली जाते. हा नियम अर्थात वज्रलेप नव्हे. चोक असूनही स्लग उत्तम मारणाऱ्या नळ्या आढळतात.

तिसरी गोष्ट मापाची. छर्रा पोकळ असल्याने नळीच्या मापाशी जुळवून घेतो, स्लग तसे करीत नाही. ५.५ मिलिमीटरच्या नळीसाठी ०.२१६, ०.२१७, ०.२१८ इंच अशा व्यासांचे स्लग मिळतात. फरक केसाएवढा, पण परिणाम मोठा. मऊ शिशाचा स्लग रिकाम्या रायफलीच्या नळीतून दांडीने हलकेच ढकलून मायक्रोमीटरने मोजला, की नळीचे खरे माप कळते. स्वीडनच्या एफएक्स कंपनीने नळीत बदलता येण्याजोगे लायनर, म्हणजे अस्तर, आणून छर्रा व स्लग या दोहोंसाठी एकाच रायफलीत सोय केली आहे.

स्लगचा खरा लाभ लांब पल्ल्यावर आणि वाऱ्यात दिसतो. हवेचा अडथळा कमी असल्याने तो वेग टिकवून धरतो. त्यासाठी शक्ती मात्र हवी. दोन ग्रॅमचा स्लग सेकंदाला २८० मीटर वेगाने सोडण्यास सुमारे ७८ ज्यूल ऊर्जा लागते. भारतात २०१६च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलहून अधिक ऊर्जेच्या किंवा ४.५ मिलिमीटरहून मोठ्या नळीच्या एअरगनला परवाना आवश्यक आहे. या मर्यादेत अर्ध्या ग्रॅमहून किंचित जड छर्रा सेकंदाला २७५ मीटरच्या आसपास वेग घेतो, तर एक ग्रॅमचा स्लग जेमतेम २०० मीटर. म्हणजे विनापरवाना रायफलीसाठी स्लगची खास नळी घेणे हा बहुधा पैशांचा अपव्ययच.

परवानाधारकांनी आणखी एक दक्षता घ्यावी. स्लग दूरवर घातक राहतो आणि कठीण पृष्ठभागावरून उसळतो. १० मीटरच्या सरावासाठीची छर्रेपेटी त्याला थोपवू शकेलच असे नाही. लक्ष्यामागे मातीचा भक्कम बांध असल्याशिवाय स्लग झाडू नये.