प्रतिऑक्सिडीकारके

प्रतिऑक्सिडीकारके : ऑक्सिजनामुळे होणारा पदार्थांचा ऱ्हास अल्प प्रमाणात असूनही रोखणाऱ्या वा मंदावणाऱ्या द्रव्यांना प्रतिऑक्सिडीकारके म्हणतात. त्यांचा अभ्यास पदार्थ टिकविण्याच्या गरजेतून सुरू झाला. शरीरातील त्यांचे कार्य पुढे उमगले.

लातूर जिल्ह्यातील औसा परिसरात करडई हे रब्बी हंगामातील जुने गळिताचे पीक आहे. सोयाबीन व हरभरा यांच्या प्रसारानंतर त्याखालील क्षेत्र घटले. करडईच्या तेलात लिनोलीइक अम्ल हे असंतृप्त वसाम्ल सुमारे ७० ते ८० टक्के असते. ते ऑक्सिजनाशी सहज संयोग पावते व तेल खवट होते. तेलात मुळातच असणारे ई जीवनसत्त्व (टोकोफेरॉल) ही क्रिया लांबविते. कोशिकांच्या पटलांतही अशीच वसाम्ले असल्याने हाच धोका व हेच रक्षण शरीरातही आढळते.

ज्याच्यात एक इलेक्ट्रॉन जोडीवाचून असतो अशा अणूस वा अणुगटास मुक्त मूलक म्हणतात. ते शेजारच्या रेणूतून हायड्रोजन अणू ओढून घेते. त्यामुळे तो रेणूही मूलक बनतो व विक्रियांची साखळी सुरू होते. टोकोफेरॉल आपला हायड्रोजन अणू देऊन ही साखळी तोडते आणि क जीवनसत्त्व त्यास पुन्हा कार्यक्षम करते.

मोझेस गॉम्बर्ग यांनी १९०० मध्ये पहिले स्थिर कार्बनी मुक्त मूलक मिळविले. अल्पशा फिनॉली द्रव्याने ऑक्सिडीकरण थांबते, हे फ्रान्समध्ये शार्ल मूरू व शार्ल द्यूफ्रेस यांनी दाखविले. ई जीवनसत्त्वाचा शोध १९२२ मध्ये हर्बर्ट एव्हान्झ व कॅथरिन बिशप यांनी लावला. ऑक्सिजनाची विषबाधा व क्ष-किरणांची इजा या दोहोंच्या मुळाशी मुक्त मूलके असावीत, असे रेबेका गेर्शमन व सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये सुचविले. डेनम हार्मन यांनी १९५६ मध्ये वार्धक्याचा संबंध त्यांच्याशी जोडला. जो मॅकॉर्ड व अर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये सुपरऑक्साइड डिसम्यूटेज या एंझाइमाचे (जैव विक्रिया घडविणाऱ्या प्रथिनाचे) कार्य शोधले. शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्था त्यामुळे उघड झाली.

या शोधांनंतर गोळ्यांच्या रूपात प्रतिऑक्सिडीकारके देऊन रोग टाळता येतील, अशी आशा बळावली. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले. अमेरिकेतील अशीच एक चाचणी १९९६ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावी लागली. मुक्त मूलके सर्वस्वी घातक नसतात. पांढऱ्या पेशी त्यांच्याच साहाय्याने जंतूंचा नाश करतात. म्हणून त्यांच्या समूळ उच्चाटनापेक्षा समतोल महत्त्वाचा ठरतो. करडईच्या कोवळ्या पानांची भाजी, डाळी, तेलबिया व फळे यांतून ही द्रव्ये इतर पोषक घटकांसह मिळतात. आहारातील या लाभाची जागा एकाच द्रव्याची मोठी मात्रा घेत नाही, हे या इतिहासाचे तात्पर्य होय.