चाखण्याची भाषा : एका आंबट पेल्याच्या निमित्ताने

गेल्या पावसाळ्यात एका माजी विद्यार्थ्याच्या आग्रहावरून पुण्याच्या पूर्वेकडील एका लहानशा बिअरनिर्मितीच्या ठिकाणी जाण्याचा योग आला. एम.ए.ला असताना भाषाविज्ञानात रमणारा हा विद्यार्थी आता तिथल्या मेन्यूकार्डाचा मजकूर लिहितो. नवी बिअर तयार झाली होती आणि तिचे वर्णन मराठीत करायचे होते. ‘‘सर, इंग्रजीत लिहायला बसलो की पंधरा शब्द हात जोडून उभे राहतात. मराठीत ‘आंबट’ आणि ‘कडू’ यांच्यापुढे गाडी सरकत नाही,’’ असे त्याने फोनवर सांगितले. अडचण मद्याची नव्हती, भाषेची होती. म्हणून मी गेलो. तो पेला रिकामा झाला तरी त्या अडचणीने पाठ सोडली नाही. प्रस्तुत लेख त्यातूनच लिहिला आहे.

प्रथम पेयाविषयी. मोड आणून वाळवलेल्या जवाच्या गोड काढ्यात यीस्ट घातले की साखरेचा मद्यार्क होतो. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन याने १८८३ साली एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट सिद्ध केले. तेव्हापासून जगातील बहुतेक बिअर अशा पाळीव यीस्टवर होऊ लागली, आणि दर पिंपाची चव सारखी येऊ लागली. ‘वाइल्ड एल’ हा प्रकार या शिस्तीबाहेरचा. त्यात हवेतले, फळाच्या सालीवरचे, लाकडी पिंपाच्या भेगांतले यीस्ट आणि आंबटपणा आणणारे जिवाणू कामाला येतात. या रानटी यीस्टपैकी एकाला कार्ल्सबर्गच्याच क्लाउसेन याने १९०४ मध्ये ‘ब्रेटानोमायसिस’ हे नाव दिले. त्याचा अर्थ ब्रिटिश बुरशी. कारण मुरवलेल्या इंग्लिश बिअरची खास चव त्याला तिच्यात सापडली होती. बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या परिसरात गरम काढा उथळ पात्रात रात्रभर उघडा ठेवतात आणि हवेलाच विरजण लावू देतात. पुढे त्यात चेरी घालून मुरवतात. आमच्या पुढ्यात आलेल्या पेल्यात चेरीऐवजी जांभूळ होते. शिवाय आंबण्याचा जोर ओसरल्यावर, उकळी न देता, त्यात हॉप्सची सुकी फुले घातली होती. हॉप्स ही भांगेच्या कुळातील वेल. तिची फुले उकळली तर कडवटपणा येतो, थंड पेयात भिजवली तर मुख्यतः सुगंध उतरतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून हिंदुस्थानाकडे निघणाऱ्या बिअरच्या पिंपांतही अशीच सुकी फुले टाकत असत.

रंग जांभळट, फेस फिकट गुलाबी. नाकाशी नेताच पेरूच्या सालीचा आणि चुरगळलेल्या लिंबाच्या पानाचा वास आला, तो हॉप्सचा. त्याखाली आणखी एक वास होता. तो ओळखायला मला वेळ लागला. इंग्रजीत त्याला घोड्यावरच्या कांबळ्याची उपमा देतात, असे विद्यार्थी म्हणाला. मला आठवली ती पावसात भिजून चुलीजवळ वाळत घातलेली घोंगडी. पहिल्या घोटाला कैरीच्या पन्ह्यासारखा स्वच्छ आंबटपणा, मग जांभळाने जीभ कोरडी करणारा तुरटपणा, आणि शेवटी किंचित ताकाची, तीही दुसऱ्या दिवशीच्या ताकाची चव. हे शब्द मी बोलत गेलो आणि तो टिपत गेला. अर्ध्या तासाने आम्ही यादी पाहिली. एकही शब्द मद्याच्या व्यवहारातला नव्हता. सगळे स्वयंपाकघरातून, परसातून आणि गोठ्यातून आलेले.

येथे प्रश्न पडतो. आंबण्याची इतकी बारीक जाण असलेल्या भाषेला मद्य चाखण्याची भाषा का नाही? फसफसणे, मुरणे, विरजणे, उतणे, आंबूस, आंबटढाण, तुरट, उग्र हा ऐवज काही कमी नाही. आंबील, आंबोळी, ताक, लोणचे यांच्यापाशी तो सढळपणे वापरला जातो. पेल्यापाशी आला की मात्र तो गप्प होतो.

हे मौन मूळचे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर एक स्वतंत्र अध्यायच आहे. त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे सहा प्रकार दिले असून त्यांची मापेही आहेत. मेदकासाठी एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. आसवासाठी शंभर पळे कवठ, पाचशे पळे काकवीसारखे फाणित आणि एक प्रस्थ मध. किण्व म्हणजे विरजण. ते उडदाचा लगदा आणि तांदूळ यांत वनस्पती मिसळून करीत, आणि हे काम स्त्रिया व मुले यांच्याकडे सोपवलेले दिसते. आमच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय नाव आहे ‘सहकारसुरा’, म्हणजे आंब्याचा रस घातलेली सुरा. धान्याची सुरा, वर फळाचा रस, त्यात सुगंधी व तुरट वनस्पतींचा मसाला, आणि हे सारे अनेक सूक्ष्म जीवांच्या विरजणावर आंबवलेले. विद्यार्थ्याच्या मेन्यूकार्डावरील तीन विशेषणांना लागणारी सामग्री तिथे आधीच मांडून ठेवली आहे. ज्या मनुस्मृतीने द्विजांना सुरा निषिद्ध केली, तिनेही निषेध करताना गौडी, पैष्टी आणि माध्वी असे भेद नोंदवले. निषेध करणाऱ्यालाही वस्तूची ओळख होती.

त्या परंपरेचा एक धागा आपल्या घरात आजही आहे, फक्त आपण त्याला त्या नावाने ओळखत नाही. द्राक्षासव, कुमारी आसव, अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट ही औषधे आंबवूनच होतात. ते आंबवण्यासाठी पारंपरिक पाठांत धायटीची फुले घालतात. सह्याद्रीच्या उतारावर वाढणाऱ्या या झुडपाच्या लालभडक फुलांवर रानटी यीस्ट वसलेले असते. बाटलीवर स्वयंजात मद्यार्काचे प्रमाण छापलेले असते आणि ते बिअरइतके किंवा तिच्याहून अधिक असू शकते. ज्या सदाशिव पेठी घरात मद्याचे नाव निघत नसे, त्या घरातील फडताळात फळ घालून रानटी यीस्टवर आंबवलेले पेय जेवणानंतर दोन चमचे घेतले जाई. त्याची चव कशी आहे, हे मात्र कोणी विचारत नसे, गुण विचारीत.

मग चवीचा प्रश्न भाषेतून गेला केव्हा? पेशवाईत पुणे शहरात दारूच्या विक्रीस मनाई असे. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर चित्र पालटले. छावणी आली, छावणीबरोबर तिची बिअर आली आणि शतकाच्या उत्तरार्धात मीकिन कंपनीची बिअरची भट्टी खडकीतच उभी राहिली. दुसरीकडे १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने ताड, माड आणि शिंदी या झाडांच्या रसावर झाडागणिक कर बसवला. पुढे १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवर निर्बंध आणले. ताडी पहाटे झाडावरून उतरते तेव्हा गोड असते, उन्हे वर येईतो तिच्यात आपोआप फेस धरतो, आणि संध्याकाळी ती आंबट होते. विरजण कोणी घालत नाही. हवेतले आणि मडक्यातले यीस्ट ते काम करते. म्हणजे शब्दशः ‘वाइल्ड’. पण घराघरांत आणि झाडाझाडांवर होणाऱ्या पेयावर कर वसूल करणे अवघड, आणि भट्टीत गाळलेल्या, मक्त्याने विकलेल्या कडक दारूवर सोपे. सौम्य, ताजे पेय मागे पडून कडक दारू पुढे आली, यामागे हा हिशेब होता. भंडारी, कातकरी, वारली यांच्या हातातले कसब कायद्याच्या पुस्तकात गुन्ह्याचे कलम झाले. महसुलाच्या कागदांत मद्याला गॅलन आणि दर होते. चव नव्हती.

या धोरणाला झालेला विरोधही पुण्यातलाच आहे, आणि तो सन्माननीय आहे. १८८० साली नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुले यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी आक्षेप घेतला. १९०८ मध्ये टिळकांच्या प्रेरणेने स्वयंसेवक पुण्यातील दुकानांपुढे उभे राहून गिऱ्हाइकांना परतवू लागले आणि त्यांच्यावर खटले झाले. एरवी एका पानावर न येणारी ही दोन नावे दारूच्या प्रश्नावर एका बाजूला दिसतात. पाठोपाठ गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या निधनानंतर, १९१९ साली, रंगभूमीवर आले. सुधाकराचा अधःपात आणि सिंधूचे मरण मराठी मनावर असे कोरले गेले की पुढे ‘प्याला’ या शब्दाला दुसरा अर्थच उरला नाही. तळीरामाच्या आर्यमदिरामंडळात मद्यावर गप्पांचा पूर आहे. त्या गप्पांत विनोद आहे, तर्कटे आहेत, समर्थने आहेत. मद्याच्या चवीवर तिथेही कोणी रेंगाळत नाही.

पुढच्या साहित्यात दारू आली ती बहुधा पिणाऱ्याच्या किंवा त्याच्या बायकामुलांच्या बाजूने. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) वडिलांचे पिणे हा घराच्या दैन्याचा भाग आहे. तिथे चवीची चर्चा करणे क्रूरपणाचे ठरेल. भाषेने मात्र एक मजेशीर तडजोड केली. चाखण्याशी नाते सांगणारा एकच शब्द मद्याच्या मैफलीत आला, तो म्हणजे ‘चखणा’; आणि तो दाणे-फुटाण्यांना मिळाला. पेल्यातले ‘मारायचे’, ‘चढवायचे’, ‘ढोसायचे’, आणि चाखायचे ते ताटलीतले.

यावर कोणी म्हणेल, बरेच झाले. ज्या राज्यात गावोगावच्या स्त्रिया मतदान करून बाटली आडवी करतात, जिथे गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, तिथे चवीचे कौतुक कशाला? हा आक्षेप मी हलका मानत नाही. सिंधू काल्पनिक असली तरी तिच्या मुली वर्गात माझ्यासमोर बसल्या आहेत. पहिल्या तासाला डोळे सुजवून येणारी विद्यार्थिनी काय सांगत नाही, हे आम्हा शिक्षकांना कळते.

तरीही त्या मौनाची किंमत कोणी दिली, हे पाहिले पाहिजे. ज्याला शब्द नाहीत त्यात भेद करता येत नाहीत. ताडी, मोहाची पहिल्या धारेची, दुकानातली देशी आणि विषारी हातभट्टी हे सारे ‘दारू’ या एकाच शब्दात कोंबले गेले. आणि दोषाचा मोठा वाटा ज्यांचे पेय सर्वांत साधे होते त्यांच्या पदरी पडला. २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाली. देशातील पहिल्या मायक्रोब्रुअरींत तिची गणना होते. त्यानंतरच्या वर्षांत शहरात चाखण्याची एक संस्कृती आली, पण ती इंग्रजीतून आली. ‘वाइल्ड’ हा शब्द आज मेन्यूकार्डावर किंमत वाढवतो. तोच गुण शिंदीच्या मडक्यात असतो तेव्हा आपण त्याला अस्वच्छ म्हणतो. आमच्या समीक्षेतले ‘रस’, ‘आस्वाद’, ‘रुची’ हे शब्द जिभेवरून उचललेले आहेत. कवितेचा आस्वाद आम्ही तासन्‌तास शिकवतो. जिभेला मात्र आम्ही तेवढे बोलू दिले नाही.

निघताना विद्यार्थ्याने मजकूर वाचून दाखवला. जांभूळ, पेरूची साल, भिजलेली घोंगडी, शिळे ताक. व्यवस्थापकाला ‘घोंगडी’ आणि ‘शिळे’ हे शब्द रुचले नाहीत. ते काढावेत, असे त्यांचे म्हणणे पडले. ‘‘काय करू?’’ असे त्याने मला विचारले. ‘शिळे’ काढ, ‘घोंगडी’ ठेव, असे मी सांगितले. शिळ्या ताकाचे इतर शब्दांनी भागेल. पण त्या वासाला मराठीत दुसरे नाव मला अजून सापडलेले नाही.