ठिकाण आधीच ठरलं होतं

हिमस्खलनाच्या बातमीत वेळ दिलेली असते ती बर्फ सुटल्याची. १९ फेब्रुवारी २०१२, रविवार. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या कॅस्केड पर्वतात, स्टीव्हन्स पास या स्की रिसॉर्टच्या मागच्या अंगाला, टनेल क्रीक नावाच्या उतारावर बर्फ सुटला तेव्हा दुपारचे बारा वाजायला आले होते. तीन जण गेले, तिघेही कसलेले स्कीपटू. जॉन ब्रांच यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये या घटनेवर लिहिलेल्या 'स्नो फॉल' या दीर्घलेखाला २०१३ साली पुलित्झर मिळालं आणि तपशील जगभर पोचला. हा सगळा प्रकार वाचताना माझं लक्ष बाराच्या ठोक्यावर टिकत नाही. ते मागे जातं, सोळा माणसांनी मिळून एक जागा निवडली त्या तासांकडे. कारण ती जागा निवडताना सोळा जणांनी एकत्र बसून चर्चा अशी केलीच नाही.

दोन आठवडे आधी

फेब्रुवारीच्या सुरुवातीला कॅस्केडमध्ये आकाश निरभ्र होतं, रात्री कडाक्याच्या होत्या. अशा रात्री वारा पडलेला असेल तर बर्फाच्या पृष्ठभागावर दवाचे स्फटिक उगवतात. गुडघे टेकून जवळून पाहिलं तर एकेक स्फटिक वेगळा दिसतो: पातळ, चपटा, वरच्या दिशेनं उभा. सकाळी ऊन आलं की सारा उतार चमचमतो. हा थर उघडा असेपर्यंत त्याचा काही त्रास नाही. त्यावर नवा बर्फ पडला की मात्र तो गाडला जातो आणि खाली तसाच उभा राहतो. उभ्या केलेल्या पत्त्यांवर पाट ठेवावा तशी ही रचना असते. काही काळ वजन तोललं जातं, मग एका धक्क्यासरशी सगळे पत्ते आडवे होतात आणि पाट घसरतो.

त्यानंतर बर्फ पडला. उतार वरून पुन्हा गुळगुळीत, पांढराशुभ्र झाला. खाली काय गाडलं गेलंय हे डोळ्यांना दिसत नाही. ते कळायचं तर बर्फात खड्डा खणून थर तपासावे लागतात, नाहीतर ज्यांनी तपासलेत त्यांचं बुलेटिन वाचावं लागतं.

हा डोंगर बर्फ सोडतो हे तिथं कुणाला नवीन नव्हतं. याच खिंडीच्या पश्चिमेला वेलिंग्टन नावाचं रेल्वेचं छोटं ठाणं होतं. १ मार्च १९१० च्या पहाटे तिथं बर्फानं अडकून पडलेल्या दोन गाड्या हिमस्खलनात दरीत फेकल्या गेल्या आणि ९६ माणसं मेली. अमेरिकेच्या इतिहासातलं हे आजही सर्वांत प्राणघातक हिमस्खलन आहे. सिएटल-रेडमंडकडे राहणारी मराठी कुटुंबं हिवाळ्यात लेव्हनवर्थ गावातले दिवे बघायला निघतात तेव्हा महामार्ग क्रमांक २ वरून याच खिंडीतून जातात.

शुक्रवार आणि शनिवार

प्रेसिडेंट्स डेच्या सुट्टीला जोडून आलेला शनिवार-रविवार. वादळ आलं आणि ताज्या बर्फाचा जाड थर टाकून गेलं. रिसॉर्ट गच्च भरला. स्की करणाऱ्याला ताजा, न तुडवलेला बर्फ म्हणजे काय हे ज्यानं तो कधी अनुभवला नाही त्याला सांगणं अवघड आहे. एवढंच सांगता येईल की तो फार थोडा काळ टिकतो. सुट्टीच्या गर्दीत लिफ्टखालचे उतार तासा-दोन तासांत तुडवले जातात. मग नजर कुंपणापलीकडे वळते.

शनिवार, संध्याकाळ

टनेल क्रीकला जायचं हा विषय शनिवारपासूनच हवेत होता. रिसॉर्टमध्ये त्या दिवशी खास पाहुणे होते: स्कीच्या नियतकालिकांचे संपादक, छायाचित्रकार, एलिस सॉगस्टॅडसारखी व्यावसायिक स्कीपटू. त्यांना घरचा सर्वांत चांगला उतार दाखवावा ही यजमानांची इच्छा होती, आणि ती मनापासूनची होती. यात कुणाचाही अविचार किंवा मिरवण्याची हौस शोधणं मला अन्यायाचं वाटतं. आपण पाहुण्यांना गावातल्या सर्वांत चांगल्या जागी नेतोच की.

पण निमंत्रण कसं गेलं ते पाहा. एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. उद्या अकराला रिसॉर्टमधल्या शेकोटीपाशी भेटायचं. 'कुठे' हा प्रश्न निमंत्रणातच सुटलेला होता. 'किती जण' हा प्रश्न कुणाच्याच हातात नव्हता.

रविवार, सकाळ

त्या भागातल्या हिमस्खलन केंद्राचं बुलेटिन उपलब्ध होतं. धोक्याची पट्टी एक ते पाच अशी असते. ५,००० फुटांवरच्या उतारांसाठी त्या दिवशी चौथी पायरी, त्याखाली तिसरी. चौथ्या पायरीचा अर्थ अगदी साधा आहे: हिमस्खलन होऊ शकेल अशा उतारांवर जाऊ नका. टनेल क्रीकचा उतार सुरू होतो काउबॉय माउंटनच्या माथ्यालगत, आणि तो माथा आहे ५,८५३ फुटांवर.

गटातल्या काहींनी बुलेटिन वाचलं होतं. अज्ञानामुळे अपघात झाला असं म्हणायला इथं जागा नाही. इशारा माहीत होता, तो ठिकाणाच्या निवडीला चिकटला नाही, कारण निवड त्याआधीच झाली होती. आधी ठिकाण ठरवलं की नंतर कळलेली प्रत्येक गोष्ट 'तिथं कसं सांभाळून जायचं' या सदरात जाऊन पडते. 'तिथं जायचं का' हे सदर बंद झालेलं असतं.

रिसॉर्टच्या हद्दीत गस्तीदल गरज असेल तेव्हा सकाळी धोक्याच्या उतारांवर स्फोट करून सैल बर्फ मुद्दाम पाडतं आणि मगच लिफ्ट सुरू होतात. म्हणून आत धोका कमी असतो. पण तोच डोंगर, तेच वादळ, तोच गाडलेला थर कुंपणाच्या पलीकडेही असतो, आणि तिथं स्फोट करणारं कुणी नसतं. आत सकाळ मजेत गेली की बाहेरही सगळं ठीक असेल असं शरीरालाच वाटायला लागतं.

अकरा

शेकोटीपाशी माणसं जमली. चार-पाच येतील असं ज्यांना वाटलं होतं त्यांना डझनाहून जास्त माणसं दिसली. सगळे मिळून सोळा. काही जुने मित्र, काही एकमेकांना प्रथमच भेटणारे. प्रत्येकाकडे गाडलेल्या माणसाचा ठाव लावणारा बीकन, फावडं आणि बर्फात टोचून शोधायची सळई होती. काहींकडे एअरबॅगच्या सॅकही.

माझ्या मते त्या दिवसाचा निर्णायक क्षण हा होता. अजून कुणी लिफ्टवरही चढलं नव्हतं, आजूबाजूला कॉफीचे पेले आणि हास्यविनोद होते. आपण फार जास्त झालो, हे तिथं अनेकांच्या मनात आलं. नंतरच्या मुलाखतींमध्ये त्यांनीच ते सांगितलं. पण ते मोठ्यानं बोललं गेलं नाही. पाहुण्यांना वाटलं, इथल्या लोकांना डोंगर माहीत आहे. इथल्या लोकांना वाटलं, एवढे नामवंत लोक सोबत आहेत, काही चुकत असेल तर बोलतील. प्रत्येकाचं मौन दुसऱ्याला संमतीसारखं दिसलं.

ही माणसं मूर्ख असती तर गोष्ट सोपी होती. हिमस्खलनांच्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्या इयन मकॅमन यांनी अमेरिकेतले ७१५ अपघात तपासले, तेव्हा त्यांना पुन्हा पुन्हा ठरावीकच सापळे दिसले: ओळखीची जागा, एकदा केलेला बेत न मोडण्याची वृत्ती, अनुभवी माणसावर सोपवलेला विचार, दुसरे आधी पोचतील ही घाई, चारचौघांत चांगलं दिसण्याची ओढ. अकरा वाजता शेकोटीपाशी यातलं जवळजवळ सगळं हजर होतं.

साडेअकराच्या सुमारास

लिफ्टनं वर, मग गेटमधून बाहेर, मग स्की खांद्यावर घेऊन थोडी चढण. गेट उघडंच असतं. पलीकडची जमीन सरकारी वनखात्याची, जाण्यावर बंदी नाही. फक्त पाटी सांगते की इथून पुढे तुमचं तुम्ही.

माथ्यावर जोड्या लावल्या गेल्या: कोण कुणावर लक्ष ठेवणार, खाली कुठं थांबायचं. हे योग्यच होतं. पण सगळे गोलात उभे राहून उताराबद्दल बोलले, असं झालं नाही. एका स्नोबोर्ड करणाऱ्या स्त्रीला हे पटत नव्हतं. तिला या उताराची जुनी धास्ती होती. ती गटापासून वेगळी झाली आणि दूर उजव्या बाजूनं उतरली.

उताराची रचना समजून घ्यायला हवी. वर मोकळं, रुंद गवताळ माळ असावा तसं मैदान, खाली ते आवळत जाऊन एका खोल घळीत शिरतं. सह्याद्रीतले भटके जिला नाळ म्हणतात, तशी ही घळ जवळपास महामार्गापर्यंत उतरते. हिमस्खलनं बहुतेक करून ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, म्हणून ठिकाण निवडताना कोन पाहतात. पण कोनाइतकाच दुसरा प्रश्न मोठा असतो: बर्फ सुटलाच तर तो जाईल कुठं? पसरट माळावर सुटलेला बर्फ विखुरतो. नाळेत सुटलेला बर्फ दाटतो, वेग घेतो, झाडांवर आणि खडकांवर आपटतो. टनेल क्रीकला या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नकाशावरच लिहिलेलं होतं.

बाराला काही मिनिटं कमी

पहिले काही जण उतरले आणि झाडांच्या एका पुंजक्यापाशी थांबले. जुनी, मोठी झाडं उभी आहेत, म्हणजे इथं बर्फ येत नसावा, असा त्यामागचा अंदाज. वरून पुढचा स्कीपटू निघाला. त्याच्याभोवतीचा बर्फ तडकला.

सुमारे २०० फूट रुंद आणि तीन फुटांच्या आसपास जाड असा तुकडा एकदम सुटला. झाडांपाशी थांबलेल्यांवर तो येऊन आदळला. एकानं दोन झाडांच्या मध्ये स्वतःला घट्ट अडकवून धरलं आणि तो वाचला. चौघं खाली गेले. उभ्या मापानं सुमारे २,६५० फूट, मिनिटभराच्या थोड्या जास्त वेळात. वर थांबलेल्यांपैकी काहींना हे दिसलंही नाही. त्यांना वाटलं, पुढचे मजेत खाली पोचले असतील.

सॉगस्टॅडनं एअरबॅगची मूठ ओढली होती. वाहत्या बर्फात मोठ्या आकाराची वस्तू वरच्या बाजूला येत राहते, एअरबॅगचं काम एवढंच. ती थांबली तेव्हा डोकं उताराच्या खालच्या दिशेला, पाठीवर, अंग बर्फात पक्कं रुतलेलं. चेहरा मात्र उघडा होता आणि हात बाहेर होते. थांबलेला बर्फ क्षणात आवळतो, माणसाला स्वतःला उकरता येत नाही. ती तशीच हाका मारत, वाट बघत राहिली.

बारानंतर

वरचे लोक बीकन शोधाच्या स्थितीत टाकून घळीतून खाली आले. पुरलेल्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक जण वाचतात. अर्धा तास उलटला की आकडे झपाट्यानं घसरतात. एवढी उंची उतरून येण्यातच मिनिटं गेली. सॉगस्टॅड सापडली. बाकीचे तिघेही तिच्यापासून फार लांब नव्हते. मित्रांनी उकरलं, तोंडानं श्वास दिला, छाती दाबत राहिले. तिघांपैकी कुणीही परतलं नाही.

त्या दिवशी सोळा जणांना दुसरी जागा उपलब्ध नव्हती का? होती. ३० अंशांपेक्षा सौम्य, वर काही लटकत नसलेले उतार कुठल्याही डोंगरात असतात. त्यावर उतरण्याचा थरार कमी, हे खरं. गटाचे चार भाग करून वेगवेगळ्या वेळी निघणंही शक्य होतं. यातलं काहीही करायला माथ्यावर उशीर झाला होता आणि अकराला संकोच वाटला.

हे फक्त अमेरिकेपुरतं नाही. गुलमर्गला मराठी मुलंही स्की शिकायला जातात, आणि तिथल्या अफरवट पर्वतावर १ फेब्रुवारी २०२३ ला पोलंडचे दोन स्कीपटू हिमस्खलनात गेले. बर्फ सोडा, आपल्या पावसाळी ट्रेकचंही असंच चालतं. शनिवारी रात्री ग्रुपवर ठिकाण पडतं, सकाळी गाडी सुटते, मधल्या वेळात हवामान खात्याचा इशारा येतो आणि तो फॉरवर्ड करणाऱ्याला रसभंग केल्याबद्दल ऐकून घ्यावं लागतं. ते ऐकून घेणारा माणूस प्रत्येक गटात हवा, आणि त्याच्या शब्दावर बेत बदलण्याची तयारीही हवी.

पुढचा बेत आखणाऱ्याला माझी विनंती आहे. नावं पक्की करा, संख्या मोजा, इशारा वाचा आणि त्यानंतरच ठिकाण ठरवा. सुचवताना दोन ठिकाणं सुचवा, त्यातलं एक सौम्य असू द्या. आणि निघण्याआधी सगळ्यांना गोलात उभं करून, गटातल्या सर्वांत नवख्या माणसाला पहिल्यांदा बोलू द्या.