रुसवा, हुर्यो आणि कैवार

आदिलाबाद हे दोन घरांचं गाव आहे. उत्तरेला पैनगंगा ओलांडली की यवतमाळ लागतं, पश्चिमेला किनवट. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा निजामी राजवटीपासूनचा हा जिल्हा तेलुगू राज्यात गेला आणि किनवट, राजुरा हे त्याचे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्याकडे, म्हणजे पुढच्या महाराष्ट्राकडे आले. इथे उरलेल्या मराठी घरांत क्रिकेटची सुखदुःखंही दोन्हीकडची असतात. वडीलधाऱ्यांच्या तोंडी विनोद कांबळी येतो, तरुणांच्या तोंडी अंबाती रायुडू. दोघांबद्दलची चर्चा एकाच वाक्यावर येऊन थांबते: हातात एवढं होतं, पण डोकं ठिकाणावर राहिलं नाही. हे वाक्य या दोघांच्याही आधीचं आहे. गुणी पण नाराज खेळाडूवर प्रेक्षकाने चिडायचं, ही रीत आपल्याकडे निदान शंभर वर्षं चालत आली आहे. ती कुठून निघाली आणि कशी बदलत गेली, हे पाहायला आपण थोडं मागे जाऊ.

लग्नघरात जावई रुसला तर सगळं घर त्याची समजूत काढायला धावतं. मैदानावरचा रुसवा मात्र शिस्तभंगाच्या खात्यात जमा होतो. मैदानावरच्या अशा पहिल्या मोठ्या रुसव्याची नोंद १९२० सालची आहे आणि तो रुसवा एका घरातल्या भावांचा होता. पळवणकर बाळू पुण्याच्या जिमखान्यावर खेळपट्टीची देखभाल करायचा, जाळ्यात गोऱ्या साहेबांना गोलंदाजी टाकायचा. डावखुरी फिरकी अशी, की पुण्यातल्या हिंदूंना त्याला संघात घेण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. पण चर्मकार समाजातला म्हणून चहा मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या पेल्यात. १९०६ साली हिंदूंनी युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवलं, त्या विजयात बाळूचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या संघातून तो इंग्लंडला गेला आणि त्या दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. एवढं करूनही कर्णधारपद त्याच्या वाट्याला आलं नाही. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत तर सुरुवातीला त्याला संघातच घेतलं नाही. कर्णधार पै आजारी पडले तेव्हा नेतृत्व पळवणकर भावंडांपैकी कोणाकडे न जाता पुण्याच्या देवधरांकडे गेलं. विठ्ठल आणि शिवराम या धाकट्या भावांनी संघातून अंग काढून घेतलं आणि आपलं म्हणणं जाहीरपणे मांडलं.

इथे थोडं थांबू या, कारण पुढचा सगळा इतिहास ज्याच्याशी ताडून पाहायचा ते माप याच प्रसंगात आहे. दोन उत्तम खेळाडू ऐन स्पर्धेत बाजूला झाले होते आणि त्यांच्यावर उद्दामपणाचा शिक्का मारणं अगदी सोपं होतं. पण वर्तमानपत्रांतून लोकांनी त्यांची बाजू घेतली, जातीमुळे कर्णधारपद नाकारता का, असा सवाल केला. अंतिम सामन्याच्या वेळी भाऊ संघात परतले, बाळूला उपकर्णधार केलं गेलं आणि पै मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ संघ बाळूने चालवला. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला आणि त्या वर्षी संघ जिंकला. पुढे विठ्ठलने ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. आपल्याकडच्या क्रिकेटमधल्या नाराजीचा पहिला दस्तऐवज मराठीत आहे, याचा मला अभिमान वाटतो. त्या रुसव्याला कैवारी मिळाले होते. कैवार हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. कैवार घेणारा माणूस खेळाडूचे दोष नाकारत नाही, तो त्याच्या नाराजीचं कारण विचारतो.

१९३३ च्या डिसेंबरात मुंबईच्या जिमखाना मैदानावर लाला अमरनाथने पहिल्याच कसोटीत ११८ धावा केल्या. भारताचं ते पहिलं कसोटी शतक. १९३६ साली इंग्लंड दौऱ्यावर एका सामन्यात त्याला पॅड बांधून बसवलं आणि त्याच्या आधी दुसरे फलंदाज पाठवले. तो चिडला, ड्रेसिंग रूममध्ये पंजाबीत काही बोलला आणि पहिल्या कसोटीआधीच बोटीने घरी पाठवला गेला. कर्णधार विजयनगरमचे महाराजकुमार होते. अमरनाथचा पुढचा कसोटी सामना १९४६ साली झाला. मधे महायुद्ध आलं हे खरं, तरी उमेदीची दहा वर्षं गेली ती गेलीच.

याच सुमारास समुद्रापलीकडे बेसबॉलमध्ये एक नातं आकार घेत होतं. बोस्टनच्या टेड विल्यम्सने १९४१ साली .४०६ ची सरासरी राखली. ती उंची अमेरिकेच्या त्या मोठ्या लीगमध्ये त्यानंतर कोणालाही पूर्ण हंगामात गाठता आलेली नाही. पण गर्दीचं आणि त्याचं कधी जमलं नाही. प्रेक्षकांनी हुर्यो उडवला म्हणून १९५६ साली तो त्यांच्या दिशेने थुंकला आणि त्याला ५,००० डॉलर दंड झाला. २८ सप्टेंबर १९६० रोजी कारकिर्दीच्या शेवटच्या चेंडूवर त्याने होमरन मारला. सगळं मैदान उभं राहिलं, पण त्याने टोपी काढून मान तुकवली नाही. ती टोपी निघाली १९९१ साली, त्याच मैदानावर. बोस्टन तेव्हाही त्याचंच होतं.

आपल्याकडे कैवाराचा सर्वांत सुंदर अध्याय १९७३ सालचा आहे आणि तो मुंबईचा आहे. सलीम दुराणी मुंबईचा नव्हे. वाढला जामनगरला, खेळला राजस्थानकडून. १९६१-६२ साली इंग्लंडविरुद्ध कोलकात्यात आठ आणि मद्रासला दहा बळी घेऊन त्याने त्या संघाविरुद्धचा पहिला मालिकाविजय मिळवून दिला होता. १९७१ साली पोर्ट ऑफ स्पेनला सोबर्स आणि लॉइड हे दोघे त्यानेच घेतले, तरी लगेच पुढच्या इंग्लंड दौऱ्यात त्याला जागा नव्हती. लहरी म्हणून त्याची ख्याती होती. मनात असेल तर प्रेक्षक मागतील त्या बाजूला षटकार, नसेल तर काहीच नाही. इंग्लंडच्या १९७२-७३ च्या दौऱ्यात त्याला कानपूर कसोटीतून वगळलं, तेव्हा ‘दुराणी नाही तर कसोटी नाही’ असे फलक झळकले. मुंबईच्या कसोटीत तो परत आला आणि त्याने ७३ व ३७ धावा केल्या. तो त्याचा शेवटचा कसोटी सामना ठरला. हे फलक धरणाऱ्यांचा त्याच्याशी गावाचा, भाषेचा, जातीचा काही संबंध नव्हता. एका लहरी माणसाचा खेळ आपल्याला पाहायचा आहे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

अकरा वर्षांनी कोलकात्यातही तसंच घडलं, मात्र या वेळी हुर्योचा मारा आपल्या माणसावर झाला. दिल्लीच्या कसोटीत बेजबाबदार फटका मारल्याबद्दल कपिल देवला वगळण्यात आलं. १९८४ च्या शेवटच्या दिवशी ईडन गार्डन्सवर कसोटी सुरू झाली ती कपिलच्या नावाच्या घोषणांनीच. हरयाणाच्या खेळाडूसाठी बंगाल ओरडत होता. कपिलच्या १३१ कसोटींच्या मालिकेत गाळलेला सामना तेवढा हा एकच. संथ चाललेल्या डावाचा राग कर्णधार सुनील गावसकरवर निघाला, त्याच्या अंगावर फळं भिरकावली गेली. या मैदानावर पुन्हा खेळणार नाही, असं त्याने ठरवलं आणि १९८७ साली पाकिस्तानविरुद्धच्या कोलकाता कसोटीत तो खरोखरच खेळला नाही. त्याच वादळी सामन्यात हैदराबादच्या महंमद अझरुद्दीनने पदार्पणात ११० धावा केल्या, याची आठवण मात्र फार थोड्यांना असते.

आता आपण त्या वळणावर येतो जिथे कैवार ओसरला आणि हुर्यो उरला. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्ड. शारदाश्रमचे दोन विद्यार्थी ६६४ धावांची अखंड भागीदारी करतात: तेंडुलकर नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. वर कांबळी सहा बळीही घेतो. कांजूरमार्गच्या वस्तीतून लोकल पकडून शिवाजी पार्कला आचरेकर सरांकडे येणारा हा मुलगा रणजीत पहिल्याच चेंडूवर षटकार मारतो. १९९३ च्या फेब्रुवारीत वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४, पुढच्याच कसोटीत दिल्लीला झिंबाब्वेविरुद्ध २२७, मग श्रीलंकेत दोन शतकं. चौदा डावांत हजार धावा. १७ कसोटींत १,०८४ धावा, सरासरी ५४.२०. शेवटची कसोटी नोव्हेंबर १९९५, वय २३.

त्यानंतर चारच महिन्यांनी, १३ मार्च १९९६ रोजी, विश्वचषकाचा उपांत्य सामना त्याच ईडनवर झाला. श्रीलंका २५१. आपण १ बाद ९८ वरून ८ बाद १२०. बाटल्या आल्या, बाकं पेटली, सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला दिला. दहा धावांवर नाबाद असलेला कांबळी रडत बाहेर पडला. अकरा वर्षांपूर्वी याच मैदानाने डोक्यावर घेतलेला अझरुद्दीन त्या दिवशी कर्णधार होता. ते अश्रू देशभर दूरचित्रवाणीवर दिसले आणि माझ्या मते प्रेक्षक बदलला तो तिथे. तोवर खेळाडूचं मन लोकांना वर्तमानपत्रातून, ऐकीव गोष्टींतून कळायचं. आता ते घरात बसून दिसू लागलं. जे दिसतं ते आपल्याला समजलं, असं माणसाला वाटू लागतं. कांबळीच्या अश्रूंचं कौतुक चार दिवस टिकलं, पुढे तेच कमकुवत मनाचा पुरावा म्हणून सांगितले गेले. त्याच्या राहणीत, शिस्तीत उणिवा होत्या, हे त्याचे चाहतेही मान्य करतील. पण ५४ च्या सरासरीचा फलंदाज तेविसाव्या वर्षी कसोटीतून कायमचा का गेला, हा प्रश्न घेऊन मुंबईत कोणी फलक धरला नाही. दुराणीसाठी जे शहर उभं राहिलं, ते आपल्या कांबळीसाठी उभं राहिलं नाही. कदाचित सचिन मिळाल्यावर मुंबईची भूक भागली होती.

दक्षिणेत, हैदराबादच्या व्ही. व्ही. एस. लक्ष्मणला २००३ च्या विश्वचषकातून वगळलं. तो मनातून मोडला, काही काळ अमेरिकेला निघून गेला, खेळ सोडण्याचाही विचार त्याने केला. पण हे त्याने बाहेर फारसं दिसू दिलं नाही आणि त्या वर्षअखेर ॲडलेडला १४८, नंतर सिडनीला १७८ धावा केल्या. गप्प राहिलेल्या दुःखाचा आपण आदर करतो. २००५ साली सौरव गांगुलीला वगळल्यावर कोलकात्याने भारतीय संघाचाच हुर्यो उडवला आणि दक्षिण आफ्रिकेला टाळ्या दिल्या. कैवार होता, पण तो आपल्या गावच्या मुलापुरता उरला होता. परक्याचा कैवार घेणारी गर्दी संपत आली होती.

अंबाती रायुडूच्या वाट्याला हा काळ आला. जन्म गुंटूरचा, खेळ हैदराबादचा. २००२ साली इंग्लंडच्या १९ वर्षांखालील संघाविरुद्ध टाँटनला नाबाद १७७. त्याच हंगामात, सतराव्या वर्षी, आंध्रविरुद्धच्या रणजी सामन्यात २१० आणि नाबाद १५९. २००४ साली युवा विश्वचषकात भारताचा कर्णधार. मग खटके उडाले, तो आंध्रकडे गेला. २००७ साली मंडळाला न जुमानणाऱ्या आयसीएलमध्ये शिरला, दोन वर्षांनी माफी मिळाली, पुढे बडोदा, विदर्भ, पुन्हा हैदराबाद. भारतासाठी पहिला एकदिवसीय सामना जुलै २०१३ मध्ये, सत्तावीस वर्षांचा असताना. दरम्यान २०१४ च्या जूनमध्ये आंध्र प्रदेशाची दोन राज्यं झाली. आंध्रच्या लोकांना तो हैदराबादचा वाटे, हैदराबादच्या लोकांना सोडून गेलेला. पैनगंगेपलीकडच्या विदर्भासाठी तो एका हंगामाचा पाहुणा होता. त्याचं म्हणून कुठलंच गाव नव्हतं. सीमेवर राहणाऱ्या आम्हा लोकांना हे दुखणं चांगलं कळतं.

२०१८ च्या आयपीएलमध्ये ६०२ धावा, त्यात पुण्याच्या मैदानावर हैदराबादविरुद्धचं शतक. ऑक्टोबरात ब्रेबॉर्नवर वेस्ट इंडिजविरुद्ध आणखी एक शतक, आणि चौथ्या क्रमांकाचा प्रश्न सुटला असं सगळ्यांनी म्हटलं. २०१९ च्या फेब्रुवारीत वेलिंग्टनला ४ बाद १८ अशी अवस्था असताना ९० धावा. १५ एप्रिलला विश्वचषकाचा संघ जाहीर झाला, त्यात तो नव्हता. ज्याला घेतलं त्याच्या त्रिमितीय गुणांचं वर्णन निवड समितीच्या अध्यक्षांनी केलं. तेही गुंटूरचेच. रायुडूने लिहिलं की विश्वचषक पाहायला आपण त्रिमितीय चष्मा मागवला आहे. लोक हसले, मग चिडले. स्पर्धेत दोन खेळाडू जखमी झाले, तरी दोन्ही वेळा दुसऱ्यालाच बोलावणं गेलं. ३ जुलैला त्याने निवृत्ती जाहीर केली, ऑगस्टमध्ये मागे घेतली. नोव्हेंबरात हैदराबाद क्रिकेटमधल्या भ्रष्टाचाराबद्दल मंत्री के. टी. रामाराव यांना जाहीर साकडं घातलं आणि रणजीतून बाजूला झाला. २०२२ साली पुन्हा निवृत्तीची घोषणा लिहिली आणि पुसून टाकली. शेवटी २०२३ च्या मे महिन्यात, सहावं आयपीएल विजेतेपद मिळवून, तो त्या स्पर्धेतून खरोखर थांबला.

याला धरसोड म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. धरसोड होतीच. पण विठ्ठल पळवणकरांनी १९२० साली जे केलं आणि रायुडूने २०१९ च्या नोव्हेंबरात जे केलं, त्यात मला फार अंतर दिसत नाही. दोघेही संघातून बाजूला झाले आणि का झालो हे दोघांनीही जाहीर सांगितलं. बदललो ते आपण. विठ्ठलला त्याचं म्हणणं खरं की खोटं हे तपासणारे वाचक मिळाले, रायुडूला त्याचा स्वभाव तपासणारे.

रायुडू भारतासाठी ५५ एकदिवसीय सामने खेळला. १,६९४ धावा, तीन शतकं, सरासरी ४७.०५. २०१५ च्या विश्वचषकात तो संघाबरोबर ऑस्ट्रेलियाला होता, पण त्याला एकही सामना मिळाला नाही. २०१९ साली त्याला नेलंच नाही. विश्वचषकात तो एकही चेंडू खेळलेला नाही.